श्पिलमनने त्या अधिकाऱ्यापुढे काय वाजवले?



'द पियानिस्ट' या चित्रपटात वॉर्सा शहरातल्या एका ओसाड घरात एक उपाशी यहुदी माणूस जर्मन अधिकाऱ्यापुढे पियानो वाजवतो. तो वाजवतो ते काय आहे? हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला दुबईत तिघांनी विचारला. एक आमच्या शेजारच्या सांगलीकर बाई. दुसरा त्यांचा नातू. तो इथेच जन्मला आणि पियानो शिकतो. तिसरे आपल्याच समाजातले एक गृहस्थ, अश्दोदहून काही दिवस मुलीकडे आलेले. मी वर्षातले काही महिने मुलाकडे दुबईत असते आणि शिक्षिका होते हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येतात. प्रश्न लहान आहे, पण त्याचे उत्तर एका नावात संपत नाही. म्हणून 'मायबोली' वाचत वाढलेल्या माझ्या पिढीसाठी ते सविस्तर लिहिते आहे.

आधी सरळ उत्तर. ती फ्रेडरिक शोपँ या पोलिश संगीतकाराची रचना आहे. तिचे नाव 'बॅलड क्रमांक १, जी मायनर, ओपस २३'. ती १८३६ मध्ये छापली गेली. चित्रपटात आपण जो पियानो ऐकतो तो पोलंडचे पियानोवादक यानुश ओलेइनिचाक यांनी वाजवला आहे, आणि जवळून दाखवलेले हातही त्यांचेच आहेत. नायकाचे काम एड्रियन ब्रोडी याने केले. त्यानेही भूमिकेसाठी पियानोचा सराव केला होता.

पाश्चात्त्य संगीतातली ही लांबलचक नावे आपल्याला परकी वाटतात, पण त्यांची रीत अवघड नाही. आपल्याकडे 'यमन, विलंबित एकताल' म्हटले की जाणकाराला अर्धी ओळख पटते. तसेच त्यांच्याकडे 'बॅलड' हा रचनेचा प्रकार, 'जी मायनर' ही सुरांची श्रेणी आणि 'ओपस २३' हा त्या संगीतकाराच्या छापील कृतींमधला क्रमांक. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारे गाणे. आपल्या कीर्तनातले आख्यान आठवा. बुवा सावकाश सुरुवात करतात, गोष्ट पुढे सरकते, मध्ये गोड प्रसंग येतो, मग संकट येते, आणि शेवटी पेटी-तबला सगळे जोरात येऊन आख्यान संपते. शोपँची ही बॅलड जवळजवळ याच वळणाने जाते. ती पूर्ण वाजवायला नऊ-दहा मिनिटे लागतात. चित्रपटात ती बरीच कापून घेतली आहे.

सांगलीकर बाईंच्या नातवाने हे नाव मला विचारण्याआधीच फोनवर काढले होते. आता तशी सोय आहे. फोन दूरदर्शनपुढे धरला की तो काही सेकंद ऐकतो आणि नाव सांगतो. तो काय करतो तेही सांगते, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. कोणत्या क्षणी कोणते सूर ठळक आहेत याचा तो एक ठसा घेतो आणि साठवून ठेवलेल्या असंख्य ध्वनिमुद्रणांच्या ठशांशी तो ताडून पाहतो. म्हणजे फोन ओळखतो ते विशिष्ट ध्वनिमुद्रण. तीच रचना त्या मुलाने घरच्या पियानोवर वाजवली तर फोन बहुधा गप्प बसेल किंवा भलतेच नाव सांगेल. आणि हा सूर कोणी, कोणापुढे, कशासाठी काढला हे तर फोनला मुळीच सांगता येत नाही. त्यासाठी पुस्तक उघडावे लागते.

पुस्तक आहे, आणि ते ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्यानेच लिहिलेले आहे. व्लादिस्लाव श्पिलमन १९११ मध्ये पोलंडमधल्या सोस्नोव्हियेत्स गावी जन्मला. वॉर्सा आणि बर्लिन येथे शिकला आणि १९३५ पासून पोलिश रेडिओवर पियानोवादक म्हणून काम करू लागला. २३ सप्टेंबर १९३९ रोजी बाहेर तोफगोळे पडत असताना त्याने रेडिओवर शोपँ वाजवला, आणि त्यानंतर वॉर्सा रेडिओ बंद पडला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्याचे आई-वडील, भाऊ आणि दोन बहिणी यांना गाडीत घालून ट्रेब्लिंकाला नेले. एका पोलिसाने त्याला रांगेतून मागे ओढले म्हणून तो एकटा राहिला. पुढे तो घेट्टोबाहेर पडून पोलिश मित्रांच्या आधाराने लपला आणि १९४४ च्या उठावानंतर जळालेल्या, निर्मनुष्य वॉर्सात पडक्या घरांतून राहिला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात एका घरात अन्न शोधताना कॅप्टन विल्म होझेनफेल्ड या जर्मन अधिकाऱ्याने त्याला गाठले.

श्पिलमनने हे सारे युद्ध संपताच लिहून काढले. १९४६ मध्ये ते पुस्तक पोलिश भाषेत 'एका शहराचा मृत्यू' अशा अर्थाच्या नावाने निघाले आणि पुढे कित्येक वर्षे पुन्हा छापले गेले नाही. १९९८ मध्ये जर्मन आणि १९९९ मध्ये इंग्रजी भाषांतर आले, तेव्हा जगाला ते कळले. त्या पुस्तकात श्पिलमन स्पष्ट लिहितो की होझेनफेल्डपुढे त्याने शोपँचे सी शार्प मायनरमधले नॉक्टर्न वाजवले. बॅलडचा तिथे पत्ता नाही.

नॉक्टर्न म्हणजे रात्रीचे गीत. शोपँने ते १८३० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, आपल्या बहिणीसाठी लिहिले. त्याच्या हयातीत ते छापले गेले नाही. तो १८४९ मध्ये वारला आणि हे गीत छापून निघाले १८७५ मध्ये. ते जेमतेम चार मिनिटांचे आहे. सावकाश चालते, डावा हात एकसारखा हलका डोलत राहतो आणि उजवा हात वर एक उदास चाल धरतो. शेवटी काही धावत्या ताना येतात आणि गाणे हळूच संपते. श्पिलमनच्या आयुष्याशी हे गीत बांधलेले आहे. १९३९ च्या त्या शेवटच्या प्रक्षेपणात त्याने हेच वाजवले आणि १९४५ मध्ये रेडिओ पुन्हा सुरू झाला तेव्हाही याच गीताने सुरुवात केली असे त्याच्याविषयी सांगतात. त्या दोन टोकांच्या मध्ये, मरणाच्या दारात, त्याच्या बोटांना आठवले तेही हेच.

आता आधी चित्रपटाची बाजू मांडते, कारण ती मांडल्याशिवाय टीका करणे अन्यायाचे होईल. हा चित्रपट २००२ सालचा. त्याला त्या वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळाला आणि पुढच्या वर्षी तीन ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक रोमान पोलान्स्की स्वतः लहानपणी क्राकोवच्या घेट्टोत होता आणि त्याची आई ऑश्वित्झमध्ये मारली गेली. म्हणजे ज्याने हे पाहिले आहे अशा माणसाने तो केला आहे. नॉक्टर्न त्याने टाकलेले नाही. चित्रपट त्याच गीताने सुरू होतो, रेडिओच्या खोलीत, भिंती हादरत असताना. युद्ध संपल्यावर श्पिलमन पुन्हा त्याच खोलीत तेच गीत वाजवतो. अधिकाऱ्याच्या प्रसंगासाठी मात्र दिग्दर्शकाने बॅलड घेतली.

पाहताना ती निवड पटते. थंडीने नायकाच्या तोंडातून वाफ निघते आहे. खिडकीतून उजेडाचा पट्टा पियानोवर पडला आहे. बॅलडचे पहिले सूर एकेकटे, चाचपडत येतात, जणू काही बोटे वाट शोधत आहेत. मग हळूहळू चाल सापडते आणि शेवटी वादळ उठते. दोन वर्षांहून अधिक काळ न बोललेला माणूस एकदम सगळे बोलून टाकतो, असे वाटते. पडद्यावर चार मिनिटांचे हळू गीत ठेवले असते तर इतका परिणाम झाला असता का, ही शंका रास्त आहे. सांगलीकर बाई म्हणाल्या, "माझ्या अंगावर काटा आला." माझ्याही आला.

पण चित्रपट संपल्यावर त्यांनी जे पुढचे वाक्य उच्चारले, त्याने मी विचारात पडले. त्या म्हणाल्या, "इतके सुंदर वाजवले म्हणून वाचला हो बिचारा!" बाई मनाने चांगल्या आहेत आणि चित्रपटाने दाखवले तेच त्या बोलल्या. पडद्यावर क्रम असा आहे: अधिकारी विचारतो, तू कोण? हा सांगतो, मी पियानोवादक होतो. अधिकारी म्हणतो, वाजव. हा वाजवतो, आणि असा वाजवतो की मैफलीत टाळ्या पडाव्यात. मग अधिकारी विचारतो, यहुदी आहेस का, कुठे लपला आहेस, खायला काही आहे का. आधी परीक्षा, मग दया. पाहणाऱ्याने दुसरा कोणता अर्थ काढावा?

पुस्तकातला क्रम उलटा आहे. तिथे श्पिलमन थकून खाली बसतो आणि म्हणतो की माझे काय करायचे ते करा, मी इथून हलणार नाही. त्यावर अधिकारी सांगतो की तुला काही करण्याचा माझा विचार नाही. त्यानंतर तो विचारतो, तू काय काम करतोस? आणि मग पियानो येतो. म्हणजे जीवदान आधीच मिळाले होते. वाजवणे ही त्याची किंमत नव्हती.

वाजवणे कसे होते तेही श्पिलमन लपवत नाही. नखे वाढलेली, बोटे ताठरलेली आणि मळाने माखलेली, पियानो ओलाव्याने फुगलेला, पट्ट्या दबत नाहीत, तारा बेसूर. त्या बेसूर आवाजाचा पडसाद समोरच्या ओसाड घरांतून परत येत होता असे तो लिहितो. अशा हातांनी आणि अशा पियानोवर बॅलडचा शेवट वाजवता येत नाही, हे पियानो शिकणारा तो नातूसुद्धा लगेच म्हणाला. त्याच्या शिक्षिकेने त्याला सांगितले आहे की ती शेवटची दोन पाने चांगल्या वादकालाही घाम फोडतात. श्पिलमनच्या हाताला त्या दिवशी जे झेपले ते एक साधे, जुने, तोंडपाठ गीत.

आपल्याकडचा दाखला देते. समजा, एखादे आजोबा शेवटच्या घटकेला पुटपुटत 'शमा' म्हणाले, आणि त्यांच्या आयुष्यावर चित्रपट काढणाऱ्याने दाखवले की त्यांनी उठून बसून खड्या आवाजात सबंध आख्यान लावले. पाहणारे हळहळतील, टाळ्याही वाजवतील. पण घरचे लोक म्हणतील, आमचे आजोबा असे गेले नाहीत. त्यांचे पुटपुटणेच खरे होते, आणि तेच मोठे होते.

यात फक्त एका कुटुंबाच्या आठवणीचा प्रश्न असता तर मी इतके लिहिले नसते. याच सी शार्प मायनर नॉक्टर्नची दुसरी एक गोष्ट आहे, ती ऐकल्यावर फरक ध्यानात येतो. नाताल्या कार्प ही क्राकोवची यहुदी पियानोवादक. १९४३ मध्ये तिला प्लाशोव छावणीत आणले. छावणीचा प्रमुख आमोन ग्योथ. 'शिंडलर्स लिस्ट' पाहिलेल्यांना तो आठवेल, गच्चीवरून कैद्यांवर गोळ्या झाडणारा. त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता आणि त्याने तिला वाजवायला लावले. तिने हेच नॉक्टर्न वाजवले. ते आवडले म्हणून ग्योथने तिला जगू दिले, आणि तिने विनंती केली तेव्हा तिच्या बहिणीलाही. पुढे ती ऑश्वित्झमधूनही वाचली, लंडनला स्थायिक झाली, अनेक वर्षे मैफली केल्या आणि २००७ मध्ये वारली.

एकच गीत, दोन जर्मन अधिकारी. ग्योथने सुरांचा मोबदला म्हणून जीव दिला. ज्यांना पियानो येत नव्हता त्यांना त्याच दिवशी, त्याच छावणीत, तो मोबदला देता आला नाही. होझेनफेल्डने काही मागण्याआधीच सांगितले की मी तुला इजा करणार नाही. नंतर त्याने पाव, मुरंबा, पांघरूण आणि स्वतःचा लष्करी कोट आणून दिला. श्पिलमनला त्याचे नावसुद्धा तेव्हा ठाऊक नव्हते. पियानो न येणाऱ्या माणसांनाही होझेनफेल्डने वाचवले होते. ट्रेब्लिंकाच्या गाडीतून उडी मारून पळालेल्या लेओन वार्म या यहुद्याला त्याने खोट्या कागदपत्रांवर काम दिले होते. तो काही पियानोवादक नव्हता.

याद वाशेमने २००८ मध्ये होझेनफेल्डला 'हसिदे उमोत हाओलाम' हा मान दिला. तो त्याने पाहिला नाही. तो १९५२ मध्येच सोव्हिएत कैदेत मेला होता. हा मान देताना एक अट काटेकोर पाहतात: वाचवणाऱ्याने मदतीच्या बदल्यात काही घेतलेले नसावे. पैसा नाही, दागिना नाही, दुसरे काही नाही. आता सांगा, चित्रपटातल्या क्रमाने गोष्ट घडली असती, म्हणजे सुरेल बॅलड ऐकून खूश झाल्यावर त्याने जीव दिला असता, तर हा माणूस होझेनफेल्डच्या बाजूला उभा राहिला असता की ग्योथच्या? चित्रपटाने नकळत त्याला थोडासा ग्योथच्या बाजूला सरकवले आहे. माझी तक्रार एवढीच आहे, आणि मला ती मोठी वाटते.

त्या अधिकाऱ्यावर असा अन्याय होण्याची ही पहिली वेळ नाही, हेही नोंदवते. १९४६ च्या पोलिश आवृत्तीत त्याला ऑस्ट्रियन करून टाकले होते. भला जर्मन माणूस त्या वेळी पोलंडमध्ये छापता येत नव्हता. आधी त्याचा देश बदलला, नंतर त्याच्यापुढे वाजलेले गीत बदलले.

चित्रपटात संगीताचे नाव चुकीचे येते तेव्हा ते नेहमीच दोष असते असे मात्र नाही. 'शिंडलर्स लिस्ट' १९९३ चा. त्यात क्राकोवचे घेट्टो रिकामे करण्याचा प्रसंग आहे. घराघरांत गोळ्या चालल्या आहेत आणि एक जर्मन सैनिक तिथल्या पियानोवर बसून झपाट्याने काही वाजवतो आहे. दारात दोन सैनिक थबकतात. एक विचारतो, हे बाख का? दुसरा म्हणतो, नाही, मोझार्ट. खरे तर ते बाखच आहे, 'इंग्लिश स्वीट क्रमांक २, ए मायनर' यातला सुरुवातीचा भाग. इथे चूक त्या पात्राची आहे, दिग्दर्शकाची नाही. खून चालू असताना संगीताचे नाव ओळखण्याची हौस, आणि तेही चुकीचे. त्या जाणकारीची किंमत काय होती, हे स्टीव्हन स्पीलबर्गने दोन वाक्यांत दाखवले. मला हा प्रसंग त्या चित्रपटातला सर्वांत कठोर वाटतो.

त्याच चित्रपटाच्या शेवटाची हकिगत आपल्या वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. मूळ चित्रपटात शेवटी 'येरुशलायिम शेल झाहाव' हे गाणे होते. पण ते नोमी शेमेरने लिहिले १९६७ मध्ये! १९४५ मध्ये छावणीतून सुटलेल्या लोकांच्या मागे ते वाजलेले इस्राएलमध्ये कोणालाही रुचणे शक्य नव्हते. म्हणून इस्राएलमध्ये दाखवताना त्या जागी हाना सेनेशचे 'एली, एली' घातले. ते गाणे ओळखायला कोणाला फोन लागला नाही. लोकांना ते पाठ होते आणि ते कोणत्या काळाचे हेही पाठ होते. कोणते गाणे कुठे बसते याचा आग्रह धरणे म्हणजे किरकिर करणे नव्हे, याचा हा चांगला पुरावा आहे.

आता मी हे दुबईतून का लिहिते आहे ते सांगते. इथे खाडीकाठच्या शिंदघा भागात 'क्रॉसरोड्स ऑफ सिव्हिलायझेशन्स' नावाचे एक संग्रहालय आहे. तिथे २०२१ पासून शोआवर एक प्रदर्शन आहे. अमिरातीतल्या शाळांत हा इतिहास शिकवला जाईल असे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाले. त्याच वर्षी अबू धाबीला सादियात बेटावर मशीद, चर्च आणि मोशे बेन मायमोन यांच्या नावाचे सिनेगॉग एका आवारात उघडले. इथली मुले, मराठी असोत, मल्याळी असोत की अरबी, ही गोष्ट आता कुठे ऐकू लागली आहेत. त्यांच्या घरात हातावर क्रमांक गोंदलेली आजी नाही. त्यांच्यासाठी साक्षीदार म्हणजे चित्रपट. सांगलीकर बाईंचा नातू उद्या मोठा होईल आणि त्याच्या डोक्यात 'चांगले वाजवले म्हणून वाचला' हे राहिले, तर त्याला असेही वाटेल की बाकीच्यांना चांगले वाजवता आले नाही म्हणून ते गेले. श्पिलमनच्या बहिणी, भाऊ, आई-वडील (वडीलही व्हायोलिन वाजवत) यांच्याकडे काय कमी होते?

आणि आपण बेने इस्राएल लोक तरी कोण? आपले आजोबा त्या वर्षांत अलिबाग, पेण, पनवेल, मुंबई इथे होते. सुतार, लष्करी नोकर, कारकून, शिक्षक. आपल्यावर ही वेळ आली नाही. इस्राएलला आल्यावर पहिल्या योम हाशोआला भोंगा वाजला आणि रस्त्यातल्या गाड्या थांबून माणसे उतरून उभी राहिली, तेव्हा आपल्यातल्या कित्येकांना शेजाऱ्याकडे पाहून उभे राहावे लागले. पुढे त्या शेजाऱ्यांकडून, मुलांच्या शाळेतून आणि चित्रपटांतून आपण ही गोष्ट शिकलो. म्हणजे आपणही ऐकीव साक्षीदार आहोत. ऐकीव साक्षीदाराने मूळ साक्ष जशी आहे तशी पुढे द्यायची असते. पिर्के आवोतमध्ये आपल्या गुरुजनांनी ज्याचे बोलणे त्याच्या नावाने सांगण्याला केवढे महत्त्व दिले आहे, ते आठवा. त्यासाठी त्यांनी एस्तेरचा दाखला घेतला. तिने मोर्दखायची बातमी मोर्दखायच्याच नावाने राजाला सांगितली, आणि त्यातून पुढे सुटका झाली. इथे श्पिलमनने स्वतः लिहून ठेवले आहे की मी नॉक्टर्न वाजवले. त्याचे म्हणणे त्याच्या नावाने सांगितले पाहिजे.

एक जवळचे उदाहरण देऊन थांबते. आपल्या पिढीने मुंबईत सकाळी रेडिओ लावला की आधी एक धून वाजायची, तंबोऱ्यावर व्हायोलिन. ती धून आजही कानात आहे. वॉल्टर काउफमान या संगीतकाराची ती रचना म्हणून ओळखली जाते. हा यहुदी गृहस्थ कार्ल्सबादला जन्मला, नाझींच्या काळात १९३४ मध्ये मुंबईला आला आणि तिथल्या रेडिओवर काम करू लागला. तिकडे वॉर्सा रेडिओवर श्पिलमन, इकडे मुंबई रेडिओवर काउफमान, साधारण एकाच काळात. आपण त्याची धून रोज ऐकली आणि त्याचे नाव कोणी आपल्याला सांगितले नाही. इतक्या घरांत इतकी वर्षे वाजलेल्या सुरामागे एक निर्वासित होता, हे कळले असते तर आपण तो सूर निराळ्या कानांनी ऐकला असता.

तेव्हा माझी विनंती अशी. लोद, दिमोना, अश्दोद, बेर्शेवा इथल्या आपल्या ज्येष्ठांच्या मंडळांत एखाद्या दुपारी एक तास काढा. कोणा नातवाला फोन आणि मोठा स्पीकर घेऊन बसवा. आधी सी शार्प मायनर नॉक्टर्न ऐका, चार मिनिटे, दिवे मंद करून. मग जी मायनर बॅलड पूर्ण ऐका, न कापलेली. तिला नावे ठेवू नका, ती फार मोठी रचना आहे. शेवटी चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत अगदी अखेरीस असलेला ए मायनर माझुर्का लावा. तो खुद्द श्पिलमनने वाजवला आहे, १९४८ मध्ये, वॉर्सात. चित्रपटभर दुसऱ्याचे हात आहेत, तिथे मात्र त्याचे स्वतःचे आहेत.

आणि पुन्हा कोणी विचारले की तो त्या अधिकाऱ्यापुढे काय वाजवतो, तर दोन्ही नावे सांगा. पडद्यावर बॅलड, प्रत्यक्षात नॉक्टर्न. त्याला जोडून हेही सांगा की तो पियानोवर बसण्याआधीच समोरच्याने त्याला अभय दिले होते. अश्दोदच्या गृहस्थांना मी असेच सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग तो वाजवत होता तो कोणासाठी?" पुस्तक वाचा आणि तुम्हीच मला कळवा.